हार्ट फेल्युअर आणि घरचं पातेलं: नागपूरकडच्या रुग्णाला आहार शिकवण्याची पद्धत

रुग्णाशी खाण्यापिण्याबद्दल बोलायची जबाबदारी ज्यांच्यावर येते त्यांच्यासाठी हा लेख आहे: आहारतज्ज्ञ, वॉर्डातल्या सिस्टर, आशाताई आणि घरातलं ते एक माणूस, ज्याच्याकडे डॉक्टरांच्या सगळ्या चिठ्ठ्या पिशवीत जपून ठेवलेल्या असतात. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, हे पहिल्याच भेटीत सांगून टाकावं; नाहीतर रुग्ण घाबरून पुढचं काही ऐकतच नाही. हृदय शरीराला पुरेल एवढं रक्त पुढे ढकलू शकत नाही. मूत्रपिंडाला वाटतं, रक्त कमी आहे. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. ते पाणी पायात उतरतं, पोटात साचतं, फुप्फुसात चढतं आणि आडवं झालं की धाप लागते म्हणून रात्री उशा वाढवाव्या लागतात.

यावर 'मीठ कमी खा, तेलकट बंद, पाणी कमी' एवढं सांगून रुग्णाला घरी पाठवलं की तो पंधरा दिवस पाळतो आणि मग सोडून देतो. आपल्या घरांत मीठ ताटात पडत नाही, पातेल्यात पडतं, आणि पातेल्यावर रुग्णाची सत्ता नसते. म्हणून शिकवण पातेल्यापासून सुरू करायची. बंदीच्या यादीने काही साधत नाही.

बसण्याआधी चिठ्ठीतून काय काढून घ्यावं

चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: दवाखान्यातून सुट्टी मिळाली त्या दिवशीचं वजन, पाण्याची मर्यादा दिली आहे का आणि किती, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियमचा शेवटचा रिपोर्ट, आणि औषधांची नावं. औषधांत स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन आहे का, नावाच्या शेवटी 'प्रिल' किंवा 'सार्टन' असलेली गोळी आहे का, हे मुद्दाम बघा. या गोळ्या पोटॅशियम वाढवू शकतात आणि त्यावरून पुढचा अर्धा सल्ला बदलतो. डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन असेल तर उपवासाचा विषय टाळता येत नाही. रक्त पातळ करणारी वॉरफेरिन किंवा ॲसेनोकुमॅरॉल असेल तर पालेभाजी बंद करायची नसते, रोज साधारण सारख्या प्रमाणात ठेवायची असते. एक आठवडा मेथी-पालक रोज आणि पुढचा आठवडा काहीच नाही, असं झालं की रक्ताचा रिपोर्ट वरखाली होतो.

मिठाची मर्यादा किती? जागतिक आरोग्य संघटना निरोगी माणसालाही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे २ ग्रॅमच्या आत सोडियम. हार्ट फेल्युअरच्या बहुतेक रुग्णांना साधारण तेवढंच पुरतं. त्याहून कडक केलं की जास्त फायदा होतो, असं समजू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतल्या ८०६ रुग्णांवरच्या चाचणीत एका गटाला सोडियम १५०० मिलिग्रॅमच्या खाली आणायला सांगितलं होतं. त्या गटात मृत्यू किंवा हृदयाच्या कारणाने दवाखान्यात जाणं ठळकपणे कमी झालं नाही. डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरायचा. पण आपल्या मनाने कोणाला अळणी खायला लावू नये.

समोर कोणाला बसवायचं

रुग्ण, स्वयंपाक करणारी व्यक्ती आणि किराणा आणणारी व्यक्ती, तिघांना एकत्र बोलवा. कित्येकदा रुग्ण सासरे असतात, स्वयंपाक सुनेकडे असतो आणि किराणा मुलाकडे. सासऱ्यांनी 'भाजीत चव नाही' म्हटलं की सून मीठ वाढवते, कारण तिला उलट बोलता येत नाही. सगळ्यांसमोर सल्ला दिला आणि तो दवाखान्याच्या कागदावर लिहून दिला की सुनेच्या हाती आधार येतो. 'डॉक्टरांनी एवढंच सांगितलंय, बाबा' हे वाक्य तिला वापरता यावं, एवढ्यासाठी तो कागद.

रुग्ण भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरहून किंवा पलीकडे छिंदवाडा, बालाघाटहून नागपूरच्या मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयात आलेला असेल तर सोबतचं माणूस बहुधा मुलगा किंवा भाऊ असतो. त्याला सगळं समजावलं तरी घरी जाईपर्यंत निम्मं गळतं. तिथल्या तिथे घरी फोन लावून, स्पीकर सुरू करून स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलणं जास्त कामाचं. बोलणं हिंदीत किंवा छत्तीसगढीत सोपं जात असेल तर तसं बोला. मराठीचा हट्ट धरून सल्ला वाया घालवू नये.

काय खाता, हे विचारायचं कसं

'मीठ जास्त खाता का?' या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे: 'नाही, वरून घेत नाही.' म्हणून हा प्रश्न विचारूच नका. त्याऐवजी असं विचारा: 'काकू, काल सकाळपासून काय काय शिजलं? शेजारच्यांकडून काही आलं होतं का? रविवारी काय असतं?' मग ताटाची डावी बाजू विचारा. आपल्या वाढण्याच्या पद्धतीत मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे असतं. रोजच्या जेवणाचं बरंचसं जादा मीठ तिथेच सापडतं आणि ते भाजीसारखं मोजून कोणी सांगत नाही. ठेचा, खारातल्या मिरच्या, पापड, कुरडई, तळलेली मुगवडी, फोडणीच्या वेळी हातात घेतलेले चार खारे शेंगदाणे. याला कोणी 'जेवण' म्हणत नाही.

दुसरा प्रश्न आणखी उपयोगाचा: 'मिठाची एक किलोची पुडी किती दिवस जाते?' चार मोठी माणसं असतील आणि प्रत्येकाला दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर रोज २० ग्रॅम लागतं, म्हणजे किलो ५० दिवस चालायला हवं. ते २५ दिवसांत संपत असेल तर माणशी १० ग्रॅम पडतंय. महिनाभर जात असेल तर ८ ग्रॅमच्या वर. लोणचं घातलं असेल किंवा भाज्या मिठाच्या पाण्यात भिजवत असतील तर तेवढं वजा करा. लहान मुलं अर्धी धरा. हिशेब ठोकताळ्याचा असला तरी त्यात कोणावर बोट ठेवलं जात नाही. नवी पुडी फोडाल तेव्हा तिच्यावर तारीख लिहा, एवढं सांगून ठेवलं की पुढच्या भेटीत आकडा आपोआप मिळतो.

हाताच्या अंदाजाला चमच्यात उतरवणं

मीठ घालणारा हात अनुभवी असतो. त्याला 'तुमचा अंदाज चुकीचा' म्हणणं हा त्या बाईचा अपमान. त्याऐवजी मोजून दाखवा. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर येणारं, ५ मिलीची खूण असलेलं झाकण घ्या आणि धुऊन कोरडं करा. वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काकूंना सांगा, 'वरणात टाकता तशी चिमूट इथे टाका.' एक, दोन, तीन करत ते मीठ झाकणात ५ मिलीच्या खुणेपर्यंत, सपाट करून भरा. बारीक मिठाचं हे माप साधारण ६ ग्रॅम असतं. त्यांच्या बारा चिमटींत ते भरलं तर त्यांची एक चिमूट अर्ध्या ग्रॅमची. आता त्या बाईकडे स्वतःच्या हाताचं माप आहे आणि ते चिठ्ठीवरच्या कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त टिकतं. खडे मीठ वापरत असतील तर मोजणी पुन्हा करा, कारण जाड मीठ त्याच मापात कमी वजनाचं भरतं.

पुढचा हिशेब असा. दिवसाच्या ५ ग्रॅमपैकी साधारण १ ग्रॅम मिठाएवढं सोडियम दूध, भाज्या, अंडी, ब्रेड अशा पदार्थांतून न दिसता येतं. हातात उरतं ४ ग्रॅम, म्हणजे ५ मिलीच्या सपाट मापाच्या पाऊणपेक्षा थोडं कमी. चार माणसांच्या घराला रोज १६ ग्रॅम, म्हणजे साधारण अडीच मापं. ती सकाळी एका वेगळ्या छोट्या डबीत काढायची आणि दिवसभर त्याच डबीतून घ्यायचं. मोठी बरणी वरच्या फळीवर. पहिल्या दिवशी डबी दुपारीच रिकामी होते. होऊ द्या, किती लागत होतं ते घरच्यांना त्यातूनच कळतं.

रुग्णाच्या वाट्याचे ४ ग्रॅम असे वाटता येतात: सकाळच्या पोह्यांत किंवा उपम्यात ०.५ ते १, दुपारच्या वरणात १, भाजीत १, रात्री १. भात, पोळी आणि भाकरीत मीठ नकोच. ज्वारीच्या भाकरीत बऱ्याच घरांत ते नसतंच, तिथे अडचण येत नाही. पोळीच्या कणकेत घालायची सवय मात्र मोडावी लागते.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली: सून उत्साहाने एकदम अर्धं मीठ करते, घरातले सगळे वरून घ्यायला लागतात आणि रुग्णही घेतो. म्हणून घराचं मीठ पायऱ्यापायऱ्यांनी उतरवा. पहिला आठवडा फक्त मोजा, दुसऱ्या आठवड्यात पाव भाग कमी, पुढच्या दोन आठवड्यांनी आणखी पाव. जिभेला नव्या चवीची सवय लागायला एक-दोन महिने जातात, हे आधीच सांगून ठेवा. नुकताच सूज येऊन भरती झालेल्या रुग्णाला एवढी सवड नसते. त्याची वाटी पातेल्यात मीठ पडायच्या आधी काढून घ्यायची आणि त्यात मोजून घालायचं.

दुसरी: रुग्णासाठी वेगळं पातेलं, वेगळं ताट, वेगळी वेळ. म्हाताऱ्या माणसाला हे वाळीत टाकल्यासारखं लागतं. मग तो संध्याकाळी फिरायला म्हणून निघतो आणि चौकातल्या टपरीवर आलूबोंडा खातो. शक्य तितकं सगळ्यांचं पातेलं एकच असावं. घरात ब्लड प्रेशरचं आणखी एखादं माणूस असतंच, त्याचंही भलं होतं.

चव कुठून आणायची

वऱ्हाडी-नागपुरी जेवणाचं एक बरं आहे: त्याची मजा तिखटात, लसणात, आंबटात आणि भाजलेल्या मसाल्यात आहे. मीठ कमी केलं तरी झुणका झुणकाच राहतो. मिरचीमुळे शरीरात पाणी साचत नाही. तिखट सोसत असेल, जळजळ होत नसेल तर ते काढायची गरज नाही. तिखट, मसाला, मीठ, तेल असं सगळं एका दमात बंद करायला सांगणारा सल्ला म्हणूनच फसतो. जे निरुपद्रवी आहे तेही हिरावून घेतलं की माणूस सगळंच झुगारतो.

मीठ शिजताना न घालता गॅस बंद करायच्या वेळी घाला. वरवर राहिलेलं मीठ जिभेला जास्त कळतं. वरणाला तुपात लसूण-जिऱ्याची फोडणी, वरून लिंबू आणि भरपूर सांभार, म्हणजे कोथिंबीर. जवसाची, कारळाची, तिळाची कोरडी चटणी बिनमिठाची करून थोडा आमचूर घातला तर लोणच्याची जागा घेते. हिवाळ्यात अंबाडीची भाजी स्वतःच्या आंबटपणावर उभी राहते. ठेचा हवाच असेल तर मिरच्या-लसूण तव्यावर चांगले करपवा आणि मीठ नेहमीच्या पावपट घालून लिंबू पिळा. घरचा मसाला कोरडा, बिनमिठाचा कुटा. तयार मसाल्याच्या पाकिटावर घटक वाचा, काहींत मीठ पहिल्या दोन-तीन नावांतच असतं.

पाकिटावरचा सोडियमचा आकडा अडीचने गुणला की मिठाचा आकडा निघतो. समजा फरसाणाच्या पाकिटावर १०० ग्रॅममागे ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे; म्हणजे २ ग्रॅम मीठ. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम खाल्लं तर ०.६ ग्रॅम. दिवसाच्या ४ ग्रॅममधून ते वजा करा आणि रात्रीच्या भाजीत कमी घाला. असं वजा करता आलं की फरसाण बंद करावं लागत नाही, आणि रुग्णाला हिशेब आपल्या हातात आहे असं वाटतं.

तर्री पोहे हा नागपुरात टाळता न येणारा विषय. पोह्यांत मीठ, तर्रीत मीठ, वर शेव-चिवड्यात मीठ, असे तीन थर आहेत. बाहेर खायचेच असतील तर पोह्यांवर तर्रीतले चणे काढून घ्या, पातळ तर्री दोन चमचेच, शेव नको. घरी पोहे बिनमिठाचे फोडणीला टाकून सगळं मीठ तर्रीतच घातलं तर निम्म्यात भागतं. सावजी मटणाचंही तसंच. हॉटेलातल्या रश्श्यात मीठ आणि तेल दोन्ही सढळ, आणि रस्सा म्हणजे पुन्हा पाण्याचा हिशेब. फोडी खा, रस्सा वाटीत राहू द्या. घरी मटण धुताना आणि मुरवताना मीठ लावलं जातं, ते मोजणीतून सुटतं. सुकट, बोंबील खाणाऱ्या घरात मासे गरम पाण्यात दोनदा भिजवून ते पाणी फेकावं आणि कालवणात वेगळं मीठ घालू नये. तरीही हा प्रकार आठवड्यातून एखाद्या वेळी, चमचा-दोन चमचेच.

मीठ न वाटणारं मीठ

आता थोडं रेंगाळायला हवं, कारण नीट पाळणारे रुग्ण इथेच फसतात.

सैंधव आणि काळं मीठ. 'साधं मीठ सोडलं, सैंधव खातो' हे वाक्य फार ऐकू येतं. सैंधवही जवळजवळ सगळं सोडियम क्लोराइडच आहे. मापात काही फरक करायचा नाही.

'लो सोडियम' मीठ. यात सोडियमचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. स्पायरोनोलॅक्टोन, प्रिल किंवा सार्टन गटातली गोळी चालू असेल किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. जाहिरात बघून मुलगा प्रेमाने आणतो, म्हणून किराणा आणणाऱ्यालाच हे सांगायचं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

खाण्याचा सोडा आणि पापडखार. दोन्ही सोडियमचेच क्षार. चमचाभर खाण्याच्या सोड्यात साधारण १२०० मिलिग्रॅम सोडियम असतं. भजी, ढोकळा, आलूबोंड्याचं आवरण, चणे लवकर शिजावेत म्हणून टाकलेली चिमूट, सगळं धरायचं. उन्हाळी वाळवणात मीठ अधिक खार, दोन्ही येतात, आणि वाळल्यावर पदार्थ आटून मीठ दाट होतं. पापड-कुरड्या घालायच्या दिवशी रुग्णाच्या नावाचा एक घाणा अर्ध्या मिठाचा घातला तर वर्षभराची सोय होते.

गॅसची पुडी. याच्याइतकं नुकसान लोणच्यानेही होत नाही. हार्ट फेल्युअरमध्ये यकृत आणि आतडी पाण्याने फुगतात, चार घासांत पोट भरतं, पोट तटतटतं. घरात त्याला 'गॅस' म्हणतात आणि पाण्यात फसफसणारी पुडी देतात. अशा ५ ग्रॅमच्या एका पुडीत ८०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असू शकतं. दिवसातून दोन घेतल्या की मर्यादेचा मोठा भाग तिथेच संपला, आणि ज्या पाण्यामुळे पोट फुगलं होतं तेच वाढलं. पोट फुगणं वाढत असेल तर आधी वजन बघा. पाण्यात विरघळणाऱ्या वेदनाशामक गोळ्यांतही सोडियम असतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या तर मूत्रपिंडाकडून मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात. गुडघे दुखले म्हणून मेडिकल स्टोअरमधून आणलेली गोळी हे सूज परत येण्याचं एक नेहमीचं कारण आहे.

पाणी, संत्री आणि मे महिना

पाण्याची मर्यादा प्रत्येकाला नसते. नेदरलँड्समधल्या एका चाचणीचे निकाल २०२५ साली आले. स्थिर असलेल्या रुग्णांना दीड लिटरवर बांधून ठेवल्याने प्रकृतीत फायदा दिसला नाही, तहानेचा त्रास मात्र वाढला. चिठ्ठीत आकडा नसेल तर घरच्यांनी आपल्या मनाने घालू नये. आकडा असेल, समजा दीड लिटर, तर सकाळी तेवढं पाणी बाटल्यांत भरून ठेवा. चहा, दूध, ताक किंवा पातळ वरण घेतलं की तेवढंच पाणी बाटलीतून झाडाला ओता. दिवसअखेर बाटली रिकामी झाली की झालं. घरातला स्टीलचा पेला एकदा मोजून घ्या. कोणाचा २०० मिलीचा असतो, कोणाचा ३०० चा. बर्फ, कुल्फी, रसाळ टरबूज हेही पाण्यातच धरा. गोळ्या घेताना प्रत्येक वेळी पेलाभर पाणी पिण्याची सवय असते, ती घोटा-दोन घोटांवर आणा.

नागपूरचा उन्हाळा हे वेगळं प्रकरण आहे. पारा ४५ च्या पुढे जातो आणि नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, कूलरही हात टेकतो. घामातून मीठ आणि पाणी दोन्ही जातात, लघवीची गोळी चालूच असते. जानेवारीत बरोबर असलेली मर्यादा मे महिन्यात रुग्णाला कोरडं पाडू शकते. उठल्यावर अंधारी, वजन सुट्टीच्या वजनापेक्षा दीड-दोन किलोने खाली, लघवी कमी आणि गडद, असं दिसलं तर ती नुसती 'कमजोरी' नव्हे. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळीचा डोस किंवा पाण्याची मर्यादा ते बदलतील. उलटी-जुलाब झाले तरी हेच. एप्रिलच्या भेटीतच विचारून ठेवणं सगळ्यात चांगलं.

लू लागू नये म्हणून घरोघरी मीठ घातलेलं पन्हं, मठ्ठा, लिंबू सरबत पाजतात. पन्हं प्या, पण मीठ न घालता, वेलची आणि थोडा गूळ घालून. जलसंजीवनीच्या एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम मीठ आणि शिवाय २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं. थकवा आला म्हणून पेले भरभरून प्यायचं ते पेय नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा औषध म्हणून घ्यायचं. तहान भागवायला चूळ भरा, लवंग-वेलची चघळा, लिंबाची फोड चोखा, ओला पंचा मानेवर ठेवा.

संत्र्याबद्दल प्रत्येक जण विचारतो. मध्यम संत्र्यात साधारण २०० मिलिग्रॅम पोटॅशियम असतं. रिपोर्ट नीट असेल तर दिवसाला एक-दोन संत्री खुशाल खावीत. अडचण रसाची आहे. एका पेल्यात तीन-चार संत्री जातात, वर काळं मीठ, आणि पेला पाण्यात धरायचा तो वेगळाच. नारळपाण्याच्या २५० मिलीत ६०० मिलिग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. भेटायला येणारे सगळे नारळपाणीच घेऊन येतात. पोटॅशियम वाढलेल्या रुग्णाच्या उशाशी ते ठेवू नका. भेटायला येणाऱ्यांना 'संत्री आणा, एकच डझन' असं आधी सांगता येतं. अशा रुग्णासाठी बटाटा आणि पालेभाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकावं, बरंच पोटॅशियम निघून जातं.

उपवास, रोजा आणि पंगत

'उपवास करू नका' असं म्हटलं की रुग्ण मान हलवतो आणि घरी जाऊन करतोच, वर गोळ्याही चुकवतो. म्हणून विचारायचं ते असं: कोणता उपवास, निरंकार की फराळाचा, त्या दिवशी गोळ्या घेता का? गोळ्या उपवासाला चालतात हे घरातल्या वडीलधाऱ्या बाईंच्या तोंडून वदवून घेतलेलं बरं. साबुदाणा खिचडी आणि बटाट्याच्या कीसापेक्षा भगर, दाण्याची आमटी बेताच्या मिठाची, दही, एखादं फळ असा फराळ बरा. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी चालू असताना दिवसभर काही न खाता राहणं धोक्याचं असतं, त्यात मधुमेह असेल तर जास्तच; नवरात्राच्या आधी डॉक्टरांशी बोलायला हवं. चातुर्मासात काहींचा मीठ सोडायचा नेम असतो, जैन घरांत आयंबिल, म्हणजे दिवसातून एकदाच अळणी जेवण, असतं. नेमाची ही भाषा कमी मीठ शिकवताना फार उपयोगी पडते. पण लघवीची गोळी चालू असताना सलग कित्येक दिवस अजिबात मीठ नाही, असं झालं तर रक्तातलं सोडियम उतरू शकतं, त्याची कल्पना डॉक्टरांना हवी.

रोजाचं बोलणं रमजानच्या महिनाभर आधी व्हावं. लघवीच्या गोळीची वेळ, सेहरी-इफ्तारचं पाणी आणि रोजा ठेवणं झेपेल का, हे डॉक्टर ठरवतील. नुकतीच भरती झालेल्याने ठेवू नये, आजारी माणसाला धर्मातच सवलत आहे. इफ्तारला भज्यांऐवजी उकडलेले चणे आणि फळं.

महालक्ष्म्यांचं जेवण, धम्मचक्र प्रवर्तन दिनाचं भोजन, लग्नाची पंगत इथे कोणी मोजत नाही. त्या दिवशी उरलेली दोन जेवणं बिनमिठाची करायची, पंगतीत लोणचं-पापड-कढी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वजन बघायचं. पुरणपोळी खाऊ द्या. मधुमेह असेल तर अर्धी.

खाणं फार कमी होणं

पथ्य म्हणजे पातळ खिचडी, अशी समजूत आहे. महिनोन्महिने तेवढंच खाऊन रुग्णाच्या दंड-मांड्या वाळतात आणि सुजेमुळे वजन तेवढंच दिसत राहतं. मूत्रपिंडाचा वेगळा सल्ला नसेल तर किलोमागे साधारण १ ग्रॅमच्या थोडं वर प्रथिनं लागतात. ५५ किलोच्या माणसाला ६० ग्रॅम धरा. दोन अंडी १२, दोन वाट्या घट्ट वरण १४, पेलाभर दूध ८, २५ ग्रॅम सोयाबीन वड्या १३, तीन भाकरींतून साधारण १५, एवढ्यात भागतं, आणि यातलं काहीच महाग नाही. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान द्या, कारण फुगलेल्या पोटात एका वेळी मावत नाही. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) चालू असेल तर तोंडाची चव मरते आणि जेवणात मीठ कमी आहे अशी तक्रार होते. तो सोडवणं हा मोठा विषय आहे, पण या यादीत त्याचं नाव असलंच पाहिजे. दारू, मोहाचीही, बंदच.

कॅलेंडरवरचं वजन आणि दुसरी भेट

सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, रोजच्याच कपड्यांत वजन करा आणि भिंतीवरच्या कॅलेंडरच्या त्या दिवसाच्या चौकटीत लिहा. अचानक वाढलेला किलो म्हणजे साधारण लिटरभर पाणी. तीन दिवसांत २ किलो वाढलं तर सूज दिसायची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. काटा नसेल तर पायाच्या नडगीवर अंगठा पाच सेकंद दाबून खळगा राहतो का बघा, चपलेचा पट्टा किंवा जोडवी घट्ट झाली का विचारा, आणि रात्री किती उशा लागतात ते कॅलेंडरवर लिहा. बसल्या जागी धाप, ओठ निळे, छातीत दुखणं किंवा भोवळ येऊन पडणं असेल तर फोन १०८ ला.

पहिली भेट संपताना 'समजलं का?' विचारू नका, सगळे हो म्हणतात. 'काकू, उद्या सकाळी डबीत किती मीठ काढाल, दाखवा' असं म्हणा आणि हातात झाकण द्या. एका भेटीत दोनच कामं सांगा: डबी आणि वजन. ताटाची डावी बाजू, गॅसची पुडी, सणवार हे पुढच्या भेटींत. दुसरी भेट दोन आठवड्यांच्या आत असावी. तिथे तीन गोष्टी मागा: कॅलेंडरचा फोटो, मिठाच्या पुडीवरची तारीख आणि घरात असलेल्या सगळ्या गोळ्या-पुड्यांची पिशवी, विनाचिठ्ठीच्या धरून. वजन स्थिर आहे पण डबी रोज दुपारीच संपते, असं असेल तर कोणाला रागवू नका. घरातलं कोण वरून घेतंय ते शोधा आणि त्या माणसाला पुढच्या वेळी सोबत बोलवा.